ज्यांची यादीच झाली नाही

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, धुळे, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल सगळीकडे मिरवणुका निघतात. ढोल वाजतात, तिरकामठे निघतात. बॅनरवर बिरसा मुंडा असतात, तंट्या भील असतात, आपले खाज्या नाईक असतात, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो त्यांच्यापेक्षा मोठे असतात. चालायचंच. ही पोस्ट त्या बॅनरवर कधीच न आलेल्या माणसांविषयी आहे. लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्या खान्देशात गेल्या दोनशे वर्षांत किती आदिवासी मारले गेले, किती बेपत्ता झाले, याची एकही धड यादी नाही. जिथे एखादी संघटना उभी होती तिथे मेलेल्याचं नाव टिकलं. जिथे नव्हती तिथे फार तर आकडा उरला, आणि बहुतेक ठिकाणी आकडाही नाही. आज एखाद्या पाड्यावरची बाई परत आली नाही तरी तेच होतं. म्हणून हा जुना इतिहास आणि आजची गोष्ट मी एकत्रच सांगणार आहे.

सुरुवात १८०२ नंतरच्या काळापासून करू. होळकरांच्या फौजांनी खान्देश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावं ओस पडली. तोवर गावाची राखण करणारे भिल्ल होते, जागल्याचं काम आणि त्याचा हक्क त्यांच्याकडे होता. गावच राहिलं नाही तर हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. मग त्यांचा बंदोबस्त सुरू झाला. तो कसा झाला हे १८८० सालच्या खान्देश गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. सापडेल त्या भिल्लाला चौकशीशिवाय फटके आणि फाशी. अंतूरच्या किल्ल्याच्या कड्यावरून दरवर्षी शेकड्यांनी माणसं खाली लोटली. कोपरगाव, धरणगाव आणि चाळीसगाव इथे माफी देतो म्हणून बोलावलं, आणि जमलेल्यांची मुंडकी उडवली किंवा तोफेच्या तोंडी दिलं. बायका आणि लेकरंही सुटली नाहीत.

जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांनी ती नावं पुन्हा वाचावीत. धरणगाव. चाळीसगाव. अंतूर आज कन्नड तालुक्यात आहे, चाळीसगावहून घाट चढून गेलं की त्याच पट्ट्यात येतो. आपण तिथे सहलीला जातो, कड्यावर उभं राहून फोटो काढतो. चूक नाही. पण त्या कड्यावरून कोण खाली गेलं हे सांगणारी एक पाटी तिथे असायला हवी होती.

आता एक सावधगिरी. हे लिहिणारा इंग्रज होता. आधीच्या राजवटी किती क्रूर होत्या हे सांगण्यात त्याचा फायदा होता, म्हणजे आम्ही आलो आणि शांतता आणली असं म्हणता येतं. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द डोळे झाकून घेऊ नये. पण एक गोष्ट बघा. त्या सगळ्या वर्णनात एकाही मेलेल्या भिल्लाचं नाव नाही. ‘शेकडो’ आहे, ‘मोठे जमाव’ आहे, नाव नाही. मारणाऱ्यांनी लिहून ठेवलं नाही आणि नंतर आलेल्यांनी विचारलं नाही.

१८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. आधी ज्यांना मारलं त्यांच्याच हातात बंदूक देऊन त्यांच्याच भाऊबंदांवर लक्ष ठेवायला लावलं. ते बरंच यशस्वी झालं, हेही खरं. पण १८५७ च्या उठावात सातपुडा पेटला. सेंधवा घाटाची राखण केलेला खाज्या नाईक आणि बडवानीकडचा भीमा नाईक यांच्यामागे हजारो भिल्ल उभे राहिले. इंदूरहून मुंबईला निघालेला सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. लढाई संपल्यावर पकडलेल्या कित्येकांना जागेवरच लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या गेल्या. वकील नाही, साक्ष नाही, अपील नाही. बायका-मुलांना धरून नेलं. पुढे खाज्या नाईकांना दग्याने मारलं. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडले गेले, त्यांना अंदमानला पाठवलं आणि १८७६ मध्ये ते तिथेच वारले. सातपुड्यातल्या घरच्यांना ती बातमी कळायला कुठला मार्ग होता?

खाज्या आणि भीमा यांची नावं राहिली, कारण ते नाईक होते आणि इंग्रजांना ते हवे होते. आंबापाणीला मातीत गेलेल्या बाकीच्यांची नावं मी आजवर कुठल्याही स्मारकावर पाहिलेली नाहीत.

तिसरी जागा रावलापाणी, तळोदा तालुका. आज नंदुरबार जिल्हा, तेव्हा पश्चिम खान्देश. संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात ‘आप’ चळवळ सुरू केली. दारू सोडा, आरती करा, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा. वरवर भजनाची चळवळ, पण हजारो आदिवासी एका जागी जमू लागले की सावकारही घाबरतो आणि सरकारही. महाराज १९३८ ला गेले, पुढे रामदास महाराजांनी काम चालवलं. २ मार्च १९४३ ला रावलापाणीच्या नाल्यात त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. १५ आदिवासी मेले. खडकावर गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात.

त्याच्या सहाच महिने आधी, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीला बळी पडले. शिरीषकुमारचं नाव खान्देशातल्या प्रत्येक शाळकरी पोराला येतं, यायलाच हवं. रावलापाणीच्या पंधरापैकी एकाचं तरी नाव तुम्हाला येतं का? खरं उत्तर द्या. एकाच जिल्ह्यात, एकाच सरकारच्या गोळीने मेलेली माणसं. फरक एवढाच की एक गोष्ट शहरात घडली, जिथे लिहिणारे होते.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? शहादा तालुक्यात ऊस आणि पाटाचं पाणी आलं. जमीन आदिवासीची, पण कर्जात आणि कागदात ती दुसऱ्याच्या नावावर गेलेली. ज्याच्या बापाची जमीन तोच तिथे सालदार. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला शेतमालकांच्या जमावाने भिल्लांवर गोळ्या झाडल्या. एक भिल्ल ठार झाला, बाकी जखमी झाले. इंग्रज जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

पण यावेळी गोष्ट दाबली गेली नाही. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती आधीपासूनच गावोगाव भजन करत, माणसं जोडत फिरत होते. पाटीलवाडीनंतर सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, शहरातली शिकलेली पोरं आली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनींच्या याद्या झाल्या, सालदारांच्या मजुरीच्या याद्या झाल्या. बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी याच चळवळीतून आले. अंबरसिंग १९७४ ला फार लवकर गेले. पण पाटीलवाडी आज आपण उच्चारू शकतो ती त्या माणसांमुळे.

हाच अनुभव १९९३ चा. सरदार सरोवराच्या सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्यांवर १९ नोव्हेंबर १९९३ ला अक्राणी तालुक्यातल्या चिंचखेडीला पोलिसांनी गोळीबार केला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा त्यात गेला. त्याचं पूर्ण नाव मी इथे लिहू शकतो, कारण नर्मदा आंदोलनाने ते विसरू दिलं नाही. त्याच्या नावाने दरवर्षी लोक जमतात. आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढं मान्य करा.

आता आपल्याच काळातल्या दोन गोष्टी. इथे मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. अशा प्रकरणांत नाव उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी लिहिलं नसतं.

१६ ऑक्टोबर २०२०. रावेरजवळ बोरखेडा शिवारात चार लहान भावंडांना कुऱ्हाडीने मारलं. आई-बाप मध्य प्रदेशातले आदिवासी, केळीच्या शेतावर राखणीला आणि मजुरीला राहिलेले. नात्यातल्या कार्यासाठी ते गावी गेले होते आणि मुलं शेतातल्या घरात एकटी होती. तेव्हा गृहमंत्री येऊन गेले, टीव्हीच्या गाड्या आल्या, जिल्हा हादरला. महिन्याभराने दिवाळी आली. रावेर-यावलची केळी देशभर जाते याचा आपल्याला अभिमान आहे. त्या केळीत राबणारी कितीतरी कुटुंबं सीमेपलीकडून येतात, शेतातच राहतात, मुलं कुठल्या शाळेच्या पटावर नाहीत, कुठल्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत नाहीत. जिवंत असताना ज्यांची नोंद नाही त्यांना मेल्यावरच पहिल्यांदा कागद मिळतो, आणि तो पंचनाम्याचा असतो.

दुसरी गोष्ट धडगाव तालुक्यातली, १ ऑगस्ट २०२२. एक विवाहित तरुणी गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. कुटुंबाचं म्हणणं, तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. सुरुवातीची नोंद आत्महत्येची. बापाला शवविच्छेदन मान्य नव्हतं. त्याने मुलीचा मृतदेह जाळला नाही, पुरला नाही. शेतात खड्डा खणला, मिठात मृतदेह ठेवला आणि पुन्हा शवविच्छेदन करा म्हणून दारोदार फिरला. चव्वेचाळीस दिवस. सप्टेंबरमध्ये बातमी राज्यभर गेली, तेव्हा कुठे मृतदेह मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेऊन पुन्हा तपासणी झाली. कोण दोषी, काय घडलं हे न्यायालयाचं काम, त्यावर मी बोलत नाही. मी त्या मिठाबद्दल बोलतोय. पोरीच्या बापाला पुरावा स्वतः जपावा लागतो, कारण कुणी जपेल असा त्याचा विश्वासच उरलेला नाही. हा अविश्वास एका दिवसात तयार होत नाही. वर सांगितलेली दोनशे वर्षं त्यात आहेत.

ज्यांचा मृतदेह तरी सापडला त्यांच्या या गोष्टी. जे सापडतच नाहीत त्यांचं काय?

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत आकडे दिले. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १३ लाख १३ हजारांहून जास्त महिला आणि मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात १,७८,४०० महिला आणि १३,०३३ मुली. यातल्या बऱ्याच नंतर सापडतात, घरी येतात, हेही सांगायला हवं, नाहीतर उगाच भीती पसरेल. पण मी या आकड्यात आदिवासी किती हे शोधायला गेलो तर तो रकानाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग अनुसूचित जमातींवरच्या गुन्ह्यांचं वेगळं प्रकरण छापतो, पण बेपत्ता माणसांच्या तक्त्यात वय आणि लिंग आहे, जमात नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के, जळगावात १४ टक्के, नंदुरबारला ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. एवढ्या मोठ्या समाजातून कोण हरवतं, कुठल्या वयात, कुठल्या कामाला गेल्यावर, हे सरकारी तक्त्यातून कळायची सोय नाही.

बेपत्ता होणं घडतं कसं, ते थोडं उलगडून सांगतो. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. कुणी गुजरातला ऊसतोडीला, कुणी सौराष्ट्रात कापसाला, कुणी सुरतला बांधकामावर. मुकादम उचल देतो आणि माणसं घेऊन जातो. मुकादम आपल्याला कुठल्या टोपणनावाने माहीत, कारखान्याचं नाव माहीत नाही, मोबाईल नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला बरेच जण परततात. एखादी पोरगी तिथे दिसली नाही की चर्चा सुरू होते. म्हणजे ती डिसेंबरमध्ये हरवली असेल तर घरच्यांना मार्चमध्ये कळतं. तोवर तीन महिने गेलेले. ती हरवली गुजरातमध्ये, घर महाराष्ट्रात, कदाचित मृतदेह सापडला मध्य प्रदेशात किंवा रेल्वेच्या हद्दीत. ‘मिसिंग’ची नोंद एका ठाण्याच्या रजिस्टरमध्ये, ‘अनोळखी मृतदेह, अकस्मात मृत्यू’ दुसऱ्या ठाण्याच्या, तिसरीच नोंद लोहमार्ग पोलिसांकडे. ही रजिस्टरं एकमेकांशी जुळवून बघण्याची चिकाटी कुणीतरी दाखवावी लागते. पैसेवाल्याच्या घरचं माणूस असेल तर ती दाखवली जाते.

दोनेक वर्षांपूर्वी मी एका पावरा कुटुंबासोबत ठाण्यात गेलो होतो. कुठलं ठाणं ते सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतं. बहीण ऊसतोडीला गेली ती आलीच नाही. पहिला प्रश्न, फोटो आहे? फोटो नव्हता. एका लग्नाच्या मोबाईलमधल्या फोटोत ती कोपऱ्यात अर्धी दिसत होती. जन्मतारीख? ‘ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षीची.’ कुठल्या कारखान्यावर? ‘बारडोलीकडे.’ मग उत्तर मिळालं की हद्द गुजरातची आहे, तिकडे जा. आणि बाकावर बसलेला एक माणूस सहज म्हणाला, ‘पयी गई व्हई.’ पळून गेली असेल. तीन तास बसल्यावर अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. ती आजही घरी आलेली नाही.

‘पळून गेली असेल.’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, फक्त पोलीस नाहीत. शेजारी म्हणतात, सरपंच म्हणतो, कधीकधी घरचेही लाजेने म्हणतात. आणि एकदा ते म्हटलं की शोध थांबतो.

इथे समाजातल्या आतल्या दोन गोष्टीही बोलल्या पाहिजेत, नाहीतर ही पोस्ट अर्धी राहील. एक, डाकीण. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावातून हाकलतात, जीवही घेतात. मारणारे परके नसतात, जमीन किंवा भांडण असलेले आपलेच असतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, पण पाड्यावर पंचांपुढे तो उघडायला कुणी धजत नाही. यादी करायची तर त्या बायकाही यादीत हव्यात. दोन, राईनपाडा. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. तेही भटके, तेही कुठल्याच कागदात नीट नसलेले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने ते घडवलं हे खरं. पण आमची मुलं गेली तर कुणी शोधणार नाही ही भीती लोकांच्या मनात आधीच होती, म्हणून अफवा इतकी चटकन पेटली, असं मला वाटतं. हे त्या खुनांचं समर्थन अजिबात नाही. त्या पाचांचं दुःख त्यांच्या घरच्यांना आजही तेवढंच आहे.

हे सगळं बदलता येतं का? दुसरीकडे काय झालं ते बघू. कॅनडात मूळनिवासी बायका वर्षानुवर्षं हरवत होत्या. ब्रिटिश कोलंबियात ‘हायवे १६’ नावाचा रस्ता आहे, सातशे किलोमीटरहून लांब. एसटीसारखी सोय नव्हती, गरीब मुली हात दाखवून गाड्यांत बसायच्या आणि काही परत यायच्याच नाहीत. लोक त्याला ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणू लागले. तिथेही पोलीस म्हणायचे, पळून गेली असेल, दारू पीत होती, तसलीच होती. आपल्याकडचीच वाक्यं, फक्त इंग्रजीत.

मग तिथल्या मूळनिवासी महिलांच्या संघटनेने सरकारची वाट न बघता स्वतः यादी करायला घेतली. घरोघर जाऊन, जुनी वर्तमानपत्रं चाळून, २०१० पर्यंत ५८२ नावं जमवली. सरकारने आधी शंका घेतली. मग २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पोलिसांनी स्वतःची रजिस्टरं तपासली. १९८० ते २०१२ या काळात १,०१७ खून आणि १६४ बेपत्ता, एकूण १,१८१. म्हणजे बायकांची यादी फुगवलेली नव्हती, उलट निम्म्यावर होती. पुढे राष्ट्रीय चौकशी बसली, ३ जून २०१९ ला अहवाल आला, त्यात २३१ शिफारशी होत्या. या सगळ्यातून सगळं सुधारलं असं नाही, शिफारशी धूळ खात आहेत म्हणून तिथले लोक आजही ओरडतात. पण ‘असं काही घडतच नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही. ५ मे ला तिथे झाडांना, खांबांना रिकामे लाल झगे टांगतात. एका झग्यात एक न आलेली बाई.

अमेरिकेतला एक आकडा तर डोळे उघडणारा आहे. २०१६ या एका वर्षात मूळनिवासी महिला-मुली हरवल्याच्या ५,७१२ तक्रारी पोलिसांच्या यंत्रणेत होत्या. न्याय खात्याच्या बेपत्ता माणसांच्या नोंदीत त्यातल्या फक्त ११६. रजिस्टरं एकमेकांशी बोलत नाहीत हा रोग फक्त आपला नाही.

धुळं हे राजवाड्यांचं गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ ला इथेच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ गेली शंभर वर्षं इथे जुनी दप्तरं सांभाळतंय. एक एक कागद पिशवीत घालून पायपीट करणाऱ्या माणसाचा वारसा आपण सांगतो. मग आपल्याच जिल्ह्यातल्या हरवलेल्या माणसांचं दप्तर आपण का करू नये?

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवा. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत पेसाची गावं आहेत. ग्रामसभेला वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. दिवाळीनंतर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, अंगावरची खूण, एक स्पष्ट फोटो, कुठे चालला, मुकादमाचं खरं नाव आणि नंबर. होळीला वही उघडायची आणि आलेल्यांपुढे खूण करायची. जो आला नाही त्याची चौकशी त्याच आठवड्यात. शाळेतले गुरुजी, आशाताई, कॉलेजातली पोरं, कुणीही हे करू शकतं. मोबाईल सगळ्यांकडे आहे.

आणि ठाण्यात गेलात तर हे लक्षात ठेवा. मूल हरवलं असेल तर अपहरण समजून गुन्हा दाखल करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, १० मे २०१३ चा. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर घ्यावाच लागतो, हा १२ नोव्हेंबर २०१३ चा निकाल. हद्दीचं कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि १ जुलै २०२४ पासून ते नव्या कायद्यात कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची जिल्हा दक्षता समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. ती बसते का, बैठकीत काय झालं, हे माहिती अधिकारात विचारा. दर वेळी विचारा.

पत्रकार मित्रांना एक विनंती. ‘आदिवासी महिलेचा मृतदेह आढळला’ एवढी चार ओळींची बातमी देऊन थांबू नका. महिन्याभराने त्याच ठाण्यात फोन करून पुढे काय झालं ते विचारा आणि तीही बातमी द्या. पुढाऱ्यांना विनंती एवढीच की बेपत्ता माणसांच्या तक्त्यात जमातीचा रकाना घाला, ही मागणी सभागृहात मांडा. खर्च शून्य आहे.

रावलापाणीच्या पंधरांपैकी एखाद्याचे नातू-पणतू ही पोस्ट वाचत असतील, पाटीलवाडीची आठवण असलेलं कुणी म्हातारं माणूस घरात असेल, तर त्यांच्याकडून नाव, गाव, जे आठवतं ते लिहून घ्या. ती माणसं आता थोडी उरलीत. कुणाच्या घरचं माणूस परतलं नसेल तर मला मेसेज करा. कृपया कमेंटमध्ये मुलीचं नाव किंवा फोटो टाकू नका. अत्याचाराचं प्रकरण असेल तर तो गुन्हा होतो आणि घरच्यांना त्रास होतो. मी आणि काही मित्र मिळून शिरपूर आणि चोपडा या दोन तालुक्यांपासून वही सुरू करतोय. बाकीच्या तालुक्यांतून कोण येतंय ते सांगा.

पोस्ट कॉपी करून पाठवली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल.